पाळण्याचा शेवटचा स्क्रू

जावयाने ड्रिलची बॅटरी काढून बाजूला ठेवली, पुढचं टोक बदललं आणि बॅटरी परत बसवली.

"बंदूक साफ करताय का, जावईबापू?" खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

"टोक बदलताना चुकून बटण दाबलं गेलं तर बोट जायचं, बाबा."

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. हा जावई आपण शोधलेला नाही, एवढं एक समाधान त्यांना होतं.

सासूबाई लेकीला आणि नव्या बाळाला दवाखान्यातून आणायला गेल्या होत्या. पाळणा खोक्यातून सुट्ट्या फळ्यांच्या रूपात आला होता, आणि सासऱ्यांनी सकाळीच सर्वांदेखत सांगून टाकलं होतं: त्या येईपर्यंत पाळणा उभा नसेल तर बाळ-बाळंतीण आमच्याकडे. जावयाने यावर नुसती मान हलवली होती. तीही धड होकाराची नव्हती आणि धड नकाराचीही.

ड्रिलच्या मानेवर आकड्यांचं कडं होतं. जावई ते लहान आकड्यावर ठेवी, आधी एका टाकाऊ तुकड्यात स्क्रू घालून बघे आणि मगच फळीला हात लावी. स्क्रू बसला की ड्रिल कट-कट-कट असा आवाज करी आणि टोक फिरायचं थांबे.

"दमलं वाटतं तुमचं यंत्र."

"दमलं नाही, बाबा. स्क्रू बसला की ते सोडून देतं. आणखी पिळलं तर लाकूड चिरतं."

"सोडून देतं! मालकाचा गुण बरोबर उचलला."

जावयाने पुढचा स्क्रू उचलला. तो उलट कधीच बोलत नसे. सासऱ्यांच्या मते भांडायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं.

पाळणा उभा राहिला. एकच स्क्रू उरला आणि फोन वाजला. मंडळी खाली आली होती.

"बॅगा घेऊन येतो. हा एवढा राहू द्या, बाबा, मी लावतो."

तो गेला. सासऱ्यांनी पाळणा हलवून पाहिला. मेला हललाही नाही. पैज गेलीच होती. पण शेवटचा स्क्रू आपल्या हातचा असेल, तर पाळणा आपण उभा केला असं चारचौघांत सांगता तरी आलं असतं. त्यांनी ड्रिल उचललं. कड्यावरचे आकडे भित्र्या माणसांसाठी होते, हे उघडच होतं. आकडे संपल्यावर भोक पाडायच्या टोकाचं एक चित्र होतं, म्हणजे पूर्ण जोर. त्यांनी कडं चित्रापर्यंत फिरवलं आणि बटण दाबलं.

स्क्रू आत गेला. डोकं फळीत बुडालं, तरी ड्रिल फिरतच राहिलं. मनगटाला हिसका बसला आणि फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

दारात लेक उभी होती, बाळाला छातीशी धरून. मागे सासूबाई, त्यांच्या मागे बॅगा घेतलेला जावई.

"कच्चं लाकूड," सासरे मनगट चोळत म्हणाले. "मी सकाळपासून सांगतोय. त्या बॅगा परत खाली न्या. गाडी आमच्याकडे वळवा."

लेकीने फळीकडे पाहिलं, मग ड्रिलच्या कड्याकडे.

"कितीवर ठेवलं होतंस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"पाचवर."

"फळी नवी मिळेल," ती म्हणाली. "तोवर बाळ माझ्या कुशीत झोपेल. इथेच. घ्यायचंय ना बाळाला, बाबा? मग हात धुवून या."

सासरे न्हाणीघरात गेले, डाव्या हाताने नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला आणि बाहेर येऊन ताठ बसले. मग भुशाने माखलेले हात घेऊन जावई आत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. तो तसाच परत आला.

"नळ उघडत नाहीये."

सासूबाईंनी पर्स उघडली, चष्म्याचं घर आणि गोळ्यांची पट्टी बाजूला सारली आणि तळातून एक छोटी पक्कड काढली. तिच्या मुठी वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हळूच पिळा," त्या जावयाला म्हणाल्या. "आणि राहू द्या ती तुमच्याकडेच. आमच्या घरी प्रत्येक नळापाशी एक आहे."