लेकीच्या आडोशाला

न्यायालयाच्या दारातून वकीलबाई धावतच बाहेर आल्या. “खुन्याचं अपील फेटाळलं. मरेपर्यंत तो तुरुंगातच राहणार.” पायऱ्यांवर एकच जल्लोष झाला. अनोळखी माणसं मारल्या गेलेल्या पोरीच्या आईच्या गळ्यात पडू लागली. तिच्याही अंगात वारं शिरलं. लेकीच्या फोटोचा फलक तिनं उंच नाचवला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “त्याची आई इथंच आहे. शोधा तिला.” गर्दीचा नूरच पालटला. खांबामागे एक म्हातारी अंग चोरून उभी होती. पोरीची आई तिला ओळखायची. प्रत्येक तारखेला दोघी एकाच बाकावर बसायच्या, मधे पिशव्या ठेवून. तरातरा जाऊन हिनं फलक तिच्या हातात कोंबला. “तोंडासमोर धरा आणि चालू लागा.” “मी कुठल्या हातांनी धरू हिला?” म्हातारी फलक परत करू लागली. “धरा म्हणते ना.” लेकीचा हसरा चेहरा पुढे निघाला आणि अख्खी गर्दी अदबीनं बाजूला सरली.