खोली कुणाच्या आवडीची

"पलंग अर्धा फूट लांब करा," सविताबाई म्हणाल्या आणि व्यंकटी मिस्त्रीनं हातातली पेन्सिल कानामागं खोचली.

त्यानं शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाकडं, शिवप्रसादकडं पाहिलं. पोरगा अंगानं बारीक, उंचीनं बेताचा. नेहमीच्या मापाच्या पलंगावरही त्याच्या पायाशी सोयाबीनचं एक पोतं मावलं असतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे व्यंकटी धंद्यात पडल्यापासून शिकला होता. त्यानं मान डोलावली.

व्यंकटीचं परभणीत जिंतूर रस्त्याला फर्निचरचं दुकान होतं. शिवप्रसाद झरीहून तिथं आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "मामा, वैशाखात घरी लगीन हाय. पुढची खोली नवी करायची. रंग, पलंग, कपाट, समदं." पुढचं विचारायची व्यंकटीला गरज वाटली नाही. तेवीस-चोवीसचा पोरगा, बाप तो शाळेत असतानाच गेलेला, घरात एकटी आई, शेती बरी. अशा घरात वैशाखात काय असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पहिल्या दिवशी व्यंकटीनं मोबाइलवर नमुने दाखवले होते. छताला सोनेरी नक्षी, भिंतीवर मोर, पलंगाच्या उशाशी चमकीची गादी. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या खोल्या अशाच झाल्या होत्या. व्यंकटीनं त्या झोपेतही केल्या असत्या.

"आई, तू सांग," शिवप्रसाद म्हणाला. "तुला कसं पायजे?"

"लोकं करतेत तसंच करा की. आत्याबाईला, तुझ्या आजीला, हिरवा रंग आवडायचा."

"आजीचं नको. तुझं सांग."

 हा प्रश्न सविताबाईंना आजवर कुणी विचारलेला दिसत नव्हता. त्यांनी कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला.

"ती सोनेरी नक्षी नको," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "निजल्यावर अंगावर पडंल असं वाटतं. एकच भिंत पिवळी करा. कापसाचं फूल पहिल्या दिवशी असतं ना, तसली. बाकी पांढऱ्या."

असा पिवळा व्यंकटीच्या शेड कार्डात नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा मिसळून पाहिला. एकदाचा जमला तेव्हा बाई खुदकन हसल्या आणि तिथून त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. कपाटाला आरसा नको, उघड्या फळ्या पायजेत. पडदे जाड नकोत, सुती लुगड्याचे शिवू. खिडकीपाशी बसायला रुंद कट्टा हवा आणि खिडकी रस्त्याच्याच अंगाला. "जिंतूरची गाडी येताना दिसली पायजे," त्या म्हणाल्या. आज नको म्हटलेलं उद्या हवं, असा घोळ त्यांनी कधी घातला नाही. खरं सांगायचं तर खोली देखणी व्हायला लागली होती.

व्यंकटी मात्र मनातून कडू होत चालला होता. त्याची ज्ञानेश्वरी सासरी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या खोलीचा रंग सासूच्या पसंतीचा, पडदे सासूच्या पसंतीचे, कॅलेंडरसुद्धा सासू म्हणेल त्याच भिंतीवर. माहेरी आली की पोरगी बापाच्या दुकानात नुसती शेड कार्डं चाळत बसायची. ते पाहून त्याचा जीव तुटायचा.

आता आणखी कुणाची तरी लेक अशाच खोलीत येणार होती. आणि ही खोली तो स्वतःच्या हातानं सजवत होता.

रंगाच्या आधी त्यानं भिंतीवरचा हार घातलेला फोटो उतरवला होता. शिवप्रसादच्या वडलांचा.

"हा परत कुठं लावू?" त्यानं विचारलं होतं.

सविताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्यानं सांगवंना," त्या म्हणाल्या.

"माडीवर लावा," शिवप्रसाद म्हणाला. "मी निजतो तिथं."

नवी सून यायच्या आधीच बापाची रवानगी माडीवर झाली, असं व्यंकटीला वाटलं आणि त्याचा राग आणखी चढला.

काम संपत आलं तेव्हा एक दिवस तो फळ्या बसवत होता. सविताबाईंनी हात वर करून पाहिला.

"ही जरा खाली घ्या. हात पुरंना."

व्यंकटीनं फळी जमिनीवर ठेवली.

"ताई, एक बोलू? राग आला तर उद्यापासून दुसरा मिस्त्री बघा. रंग तुमी ठरवला, खिडकी तुमी ठरवली, आता फळीबी तुमच्याच हाताच्या मापानं. जिला ह्या खोलीत जन्म काढायचा, तिला कुणी विचारलं का? नवरीला एक डाव तरी विचारायचं. माझी लेक अशाच खोलीत नांदायलीय. मला ठावं हाय, काय होतं ते."

 सविताबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या लगबगीनं स्वयंपाकघरात निघून गेल्या.

गेलं काम, व्यंकटी मनाशी म्हणाला. पण बोललो याचं त्याला वाईट वाटलं नाही, उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तो खाली वाकून हत्यारं गोळा करायला लागला.

शिवप्रसादनं जमिनीवरची फळी उचलली आणि आई म्हणाली होती तिथं, खालच्या बाजूला, भिंतीला लावून धरली.

"इथंच बसवा, मामा," तो म्हणाला. "लगीन माझं न्हाई. आईचं हाय."