एकदा विचारून

"विचार ना तुझ्या त्या फोनला. आमचा भूपेंद्र कुठे आहे ते सांग म्हणावं," मालतीबाई लेकीला म्हणाल्या.

चंचल आत्ताच साडीच्या दुकानातून कामावरून आली होती. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडून हात गळून गेले होते. तरी तिनं फोन तोंडाशी धरला आणि भावाचं पूर्ण नाव घेऊन विचारलं. बापाशी भांडून तो घरातून गेला, त्याला दुसरी दिवाळी येऊन गेली. नंबर तेव्हापासून बंद.

फोनमधली बाई मोठ्या अदबीनं बोलली, "इस बारे में कोई जानकारी नहीं मिली."

"नथी मळतुं, मम्मी. नाही सापडत." चंचलनं फोन गादीवर टाकला.

"बस? झालं शोधून?"

"फोनलाच माहीत नाही म्हणतोय, मी काय करू!"

शाळेत असताना हीच पोरगी सायबर कॅफेत बसून, शब्द बदलून बदलून हवं ते हुडकून काढायची. आता तोंडानं विचारायचं आणि पहिलं येईल ते उत्तर मानायचं. सवयच मोडली, तिचा तरी काय दोष!

मालतीबाई मात्र भडकल्या. "अगं, पाच वर्षांचा असताना पर्वत पाटियाच्या बाजारात हरवला होता हा. एका दुकानात विचारून मी घरी आले असते तर? नाव कोणाला ठाऊक त्याचं! कोणाला विचारलं, लाल चड्डीतला पाहिला का. कोणाला विचारलं, रडत फिरणारा पाहिला का. मग डोक्यात आलं, हा तर वाजंत्रीच्या मागे पळणारा. बँडवाल्यांच्या टेम्पोत ऐटीत बसलेला सापडला मेला!"

चंचलला लाज वाटली. ती आईला खेटून बसली आणि बोटांनी टाइप करायला लागली. नावापुढे त्याचं काम, कापडाच्या लूमचा कारागीर. मग लूमची गावं, भिवंडी. मग मालेगाव. मग ढोलकी. भलतेच भूपेंद्र निघत होते, कोणी वाढदिवसाच्या बॅनरवर, कोणी नवरदेवाच्या फेट्यात. मालतीबाई एकेक चेहरा निरखून बघत आणि म्हणत, "हा नाही. पुढे घे."

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "चंचल, आपण शोधतोय ते त्याला तिकडे दिसतं का गं?"

"नाही मम्मी. कोण शोधतंय ते कोणाला कळत नाही."

मालतीबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"म्हणजे त्याला वाटत असेल, आपल्याला कोणी शोधलंच नाही."