उल्काचा हात

"'उल्का'चा अठरावा अंक झकास होता," कॉमिक्सच्या मेळाव्यात मृण्मयी माइकवर म्हणाली. "एकोणिसाव्यात मारामारी फार झाली आणि चित्रं घाईत उरकल्यासारखी वाटली. विसावा मात्र मला अजिबात आवडला नाही."

"त्यात तर उल्काला तिचा तुटलेला हात परत मिळतो," मंचावरून लेखक निनाद रेगे हसून म्हणाले. "वाचकांना तेच हवं होतं."

"मला नको होतं. एका हाताने शहर वाचवायची, तेव्हा ती मला माझी वाटायची."

मृण्मयीचा उजवा हात लहानपणीच कोपरापासून गेला होता. ती मागच्या रांगेत बसल्यामुळे रेग्यांना ते कळलं नव्हतं. ते खाली उतरून तिच्याजवळ आले, तेव्हा त्यांना तिची दुमडलेली बाही दिसली.

"खरं सांगू?" मग ते म्हणाले. "एका हाताने ती केस कसे बांधते, स्वयंपाक कसा करते, मला लिहिताच येईना. म्हणून शेवटी हात देऊन टाकला."

"मग विचारायचं ना," मृण्मयी म्हणाली. माइक मांडीवर ठेवून तिने शेजारची रिकामी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.