लाल दिवा

क्रूझ बंदराला लागली आणि ऋजुता उड्या मारतच सीमेवरच्या कमानीखालून गेली. हिरवा दिवा! मागून आलेल्या बाबांनाही हिरवाच. मग आई कमानीखाली आली आणि दिवा भडक लाल झाला.

"मशीन बिघडलंय हो तुमचं!" बाबा हसले.

अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. कानातलं दुभाषी यंत्र त्यांचं बोलणं मराठीत सांगू लागलं. "कमान मन वाचते, साहेब. ज्यांना घरी परतायचं नाही, त्यांना आम्ही इथे उतरू देत नाही."

"अगं, सांग ना त्यांना, रविवारी आपण घरी जातोय म्हणून!"

आईने लाल दिव्याकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"घरी गेल्यावर सकाळचा चहा मी करेन," बाबा घाईघाईने म्हणाले. दिवा लालच. "बरं बाई, डबासुद्धा!" तरी लालच.

"बाबा, पुरे." ऋजुताने आईचा हात धरला. "आई, खरंच नाही यायचं तुला?"

आई बाकावर टेकली. "माहीत नाही गं. तुम्ही दोघं शहर बघून या. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदाच कुणीतरी मला हे विचारलंय. जरा नीट उत्तर देऊ दे."