वाहता नळ

रोदोपी पर्वतातला हिवाळा घराघरांतले पाइप काचेसारखे तडकवत असे. केवळ वृद्ध झाफिराचा शाबूत राही. तो फुटला असता, तर घर सोडून लेकीकडे शहरात जाणे तिला अटळ होते.

"आमच्या कोस्तादिननं टाकलाय, गोठेल कसा!" दिवंगत नवऱ्याविषयी ती अभिमानाने सांगे. तोच पाइप पुढे खालच्या घरी, मनोलकडे जाई.

"मनोल, रात्रभर नळ चालू तुझा! डोकं गोठलं की काय?" तिने कुंपणावरून हटकले.

"विसरलो गं. वय झालं."

ती हसत गेली. मनोलची बायको फणकारली, "आपला नळ वाहता असतो म्हणून वरचा पाइप गोठत नाही, हे एकदा सांगा ना तिला!"

"नको. जन्मभर कोस्तादिनला नावं ठेवली तिनं. आता कुठे कौतुक करतेय."