एकेचाळिसावी सही

जगाच्या कल्याणासाठी धावणाऱ्या माणसाचे पहिले कर्तव्य कधी मागे राहते, ते त्याला कळत नाही. यात दोष त्याचा थोडा, कीर्तीचा अधिक.

पॅरिसचे तत्त्वज्ञ गास्पार देल्मा यांचे असेच झाले. साध्या शाळामास्तराचे ते दूरचित्रवाणीवरचे लाडके विचारवंत झाले, मोर्चांच्या अग्रभागी चालले, तुरुंगातही जाऊन आले. रोज सकाळी ठरलेल्या कॉफीगृहात लोक निवेदने आणीत आणि ते सह्या करीत.

त्या दिवशी एका प्रौढेच्या कागदावर सही करून त्यांनी हसत विचारले, "या वेळी कोणते सरकार पाडायचे?"

"सर, न वाचता सही करू नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवले होते," सोलांज म्हणाली. त्यांची ही जुनी विद्यार्थिनी आता ते पूर्वी शिकवीत त्याच शाळेची मुख्याध्यापिका होती. "शिक्षकाअभावी तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद पडतो आहे. सोमवारपासून तो गास्पार देल्मा यांनी घ्यावा, अशी मागणी आहे. चाळीस सह्या मुलांच्या, एकेचाळिसावी तुमची."

"सोमवारी माझी मुलाखत आहे. वाहिनीवाल्यांना काय सांगू?"

"सही करून बसलो, म्हणून सांगा."

देल्मा इतके मोकळे हसले की शेजारची माणसे वळून पाहू लागली. "दिलेली सही मी आजवर मागे घेतलेली नाही. वर्ग किती वाजता?"

"आठला. उशीर झाला तर बाहेर उभे करीन."

सोमवारी पावणेआठलाच ते आनंदाने फळा पुसत होते. त्या वर्गातले प्रश्न कधी न सरोत, आणि विचारणाऱ्यांना व ऐकणाऱ्याला दीर्घायुष्य लाभो.